पिस्ता रंगाचं शीड

धरणावरची माणसं माझ्या बोटीला खाट म्हणतात. त्यांची काही चूक नाही. दोन्ही बाजूंना जाड पीव्हीसी पाइपांची एकेक जोडी, टोकं बंद केलेली, वरून आडवे बांबू आणि मधल्या जागेत आमच्या मोडक्या पलंगाची नवार विणलेली. वर बांबूचीच डोलकाठी. मी तिला कॅटमरान म्हणतो. मोबाइलवर परदेशातले म्हातारे अशा जोडनावेवर पाय पसरून बसलेले पाहिले आणि मला वाटलं, एवढं तर आपल्यालाही जमेल. पाय पसरणं जमलं. बाकीचं अजून चालू आहे.

"साहेब, झोपाले चालले का?" मासे धरणारा एकजण दर रविवारी काठावरून ओरडायचा. साहेब म्हणायचं कारण एवढंच, की मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. आयुष्यभर पाण्यावर पगार घेतला, पण धरण पाहिलं ते फायलींतून. पोहता आजही येत नाही. पहिल्या रविवारी वाऱ्यानं मला पलीकडच्या काठाला नेऊन सोडलं. परत कसं यायचं ते व्हिडिओच्या दुसऱ्या भागात होतं आणि तो मी पाहिला नव्हता. त्याच मासेवाल्यानं खाट दोरीनं ओढून आणली. सगळा वेळ तो माझ्याकडे पाठ करून हसत होता, हा त्याचा मोठेपणा.

निवृत्तीनंतर माणसाला छंद पाहिजे म्हणतात. मला छंद नको होता, घराबाहेर बसायला जागा हवी होती.

मुलगी दिवाळीला माहेरी आली ती परत गेली नाही. वणीकडचं ते स्थळ मीच आणलं होतं. ट्रकांचा धंदा, दारात दोन गाड्या, मुलगा बोलायला गोड. मी इतका हरखलो होतो, की मुलीनं हो म्हणायच्या आत मी बँडवाल्याशी बोलून आलो होतो. पुढं नवऱ्याचा हात उठतो, हे तिनं मला फोनवर सांगितलं. एकदा नाही, दोनदा सांगितलं. मी म्हणालो, "नवीन नवीन असते असं, बेटा." हे वाक्य मी इथं लिहितोय खरं, पण लिहिताना मान वर होत नाही.

ती बॅग घेऊन आली त्या संध्याकाळी मी आणखी एक शहाणपण केलं. म्हणालो, "काही दिवस गेटाबाहेर नको दिसू. लोकायले काय सांगायचं ते ठरवू." मग ते मी एकट्यानंच ठरवून टाकलं आणि चौकात सांगून आलो, की पोरगी परीक्षेच्या तयारीला आली आहे. कोणती परीक्षा, असं कुणी विचारलं की म्हणायचो, "मोठी आहे." त्यावर कुणी पुढं विचारत नाही. मोठ्या परीक्षेचा आमच्याकडे फार मान आहे.

महिने गेले. मुलगी खोलीतून अंगणात आणि अंगणातून खोलीत, बस. पाहुणे यायचे, "समजावून पाठवा" म्हणायचे, चहा पिऊन जायचे. बायकोनं माझ्याशी बोलणं सोडलं होतं. काही सांगायचं झालं तर ती कुकरला सांगायची, "गहू दळून आणायचे हायेत म्हणा." मी कुकरला हो म्हणायचो. आणि रात्री जेवताना आम्ही दोघं, एकमेकांकडे न पाहता, एकाच गोष्टीची काळजी करायचो: ही पोरगी बाहेर पाऊल टाकेल की नाही?

खाट अंगणातच तयार झाली. मुलगी खिडकीतून बघायची. एकदा नवार ताणताना माझी गाठ चौथ्यांदा सुटली, तेव्हा ती बाहेर आली, गाठ मारली आणि परत आत गेली. ती गाठ अजून आहे. बाकीच्या सगळ्या नंतर सुटल्या.

अडलं ते शिडापाशी. कापड पाहिजे दमदार, आणि ते होतं आमच्या माळ्यावर. लग्नात मंगल कार्यालयाच्या फाटकावर लावलेला फ्लेक्स. मधोमध नवरानवरी, वर ठसठशीत 'शुभविवाह', आणि खाली कोपऱ्यात फेटा बांधून हात जोडलेला मी. माझा फोटो मोठा घ्यायला मीच सांगितलं होतं. प्रिंटवाला म्हणाला होता, "काका, नवरदेवापेक्षा मोठे होऊन राह्यले तुम्ही." मी म्हणालो होतो, "होऊ दे."

बायकोनं कुकरला सांगितलं होतं, की तो फ्लेक्स जाळून टाका म्हणा. मी 'जाळला' असं सांगितलं. मुलीलाही तेच सांगितलं. जाळायचं म्हणून काडेपेटी घेऊन गच्चीवर गेलोही होतो, पण इतक्या जाड, मजबूत फ्लेक्सला काडी लावायला हात होईना. आमच्याकडे जुना फ्लेक्स कुणी फेकत नाही. कुणी सोयाबीनच्या ढिगावर टाकतो, कुणी कूलरवर. मी म्हटलं, आपण रंगवू. लग्नासाठी घराला पिस्ता रंगाचा डिस्टेंपर दिला होता, त्याची बादली उरली होती. भर दुपारी गच्चीवर बसून मी ते लग्न रंगाच्या एका हातात पुसून काढलं. वर काय करून राह्यले, असं बायकोनं जिन्यातून विचारलं. कुकर जवळ नव्हता म्हणून थेट मलाच विचारलं. मी म्हणालो, "गच्ची गळते ना, तिचं काम." आमची गच्ची कधीच गळत नव्हती.

एक गोष्ट मात्र खोटी नाही. पाण्यावर मला बरं वाटायचं. दुपारून वारा धरला की शीड फुगायचं, बांबू कुरकुरायचे, नवारीखालून पाणी सळसळत मागं जायचं. पाणकावळे पंख वाळवत बसलेले असायचे, त्यांच्या जवळून जावं तरी उडायचे नाहीत. बहुधा मला माणसात धरत नसावेत. मी गुणगुणायचो. घरात पोरगी भिंतीकडे तोंड करून पडलेली आणि बाप धरणावर गुणगुणतोय! परत आलो की गेटाशी, चपला काढाव्या तसा, तो चेहरा काढून ठेवायचो आणि दुसरा, कामाचा, लावायचो.

आणि एका रविवारी मी पायात बूट चढवत असताना मुलगी दारात उभी राहिली. "मी येऊ का?"

मी म्हणालो, "ऊन लागेल." एवढ्या महिन्यांनी पोरगी बाहेर निघते आणि बापाच्या तोंडून हे निघतं! बायको आतून आली, तिनं भाकरी आणि ठेचा बांधून दिला आणि माझ्याकडे पाहून, हो, माझ्याकडेच पाहून, म्हणाली, "नीट न्या. नीट आणा."

गाडी मी मागच्या गल्लीनं काढली. चौक टाळला. मुलगी मागं बसली होती. "इकडून काहून?" तिनं विचारलं. "तिकडं खड्डे हायेत," मी म्हणालो. चौकातला रस्ता नुकताच नवा झाला होता.

काठावर लाइफ जॅकेट एकच होतं, ते तिला घातलं. मी ट्रकची फुगवलेली ट्यूब कमरेत अडकवली. ती हसली. किती दिवसांनी हसली! मी इतका फुशारलो, की खाट पाण्यात ढकलून जरा आत गेल्यावर उभा राहिलो आणि तिला सगळं समजावून सांगायला लागलो. हे सुकाणू. ही विहिरीवरची कप्पी, दोर हिच्यावरून जातो. हे शीड. "आता पाह्य," म्हणून मी दोर ओढला. शीड वर गेलं, फुगलं, आणि गाठ सुटून धाडकन पाण्यात पडलं. अर्थातच ती गाठ माझी होती.

"होते असं," मी म्हणालो. भिजलेलं, जड झालेलं शीड दोघांनी मिळून काढलं. मी पुन्हा दोर बांधला आणि सगळा जोर लावून ओढला.

डिस्टेंपर भिंतीवर टिकतो. भिजलेल्या फ्लेक्सवर तो टिकत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. वरून पिस्ता रंगाचे ओघळ यायला लागले, दुधासारखे. नवारीवर, माझ्या टकलावर, ट्यूबवर. आधी खालच्या कोपऱ्यातून दोन जोडलेले हात बाहेर आले, मग फेटा, मग फेट्याखाली हसणारा मी. मग 'शुभ'. मग तिच्या कपाळावरच्या मुंडावळ्या. शेवटी तो.

मुलगी मान वर करून बघत होती. मी कुठं बघावं ते मला कळेना, कारण ज्या बाजूला बघावं त्या बाजूला मीच हात जोडून उभा होतो.

"बाबा, जाळला म्हणत होते ना तुम्ही?"

मी दोर खाली सोडायला गेलो. दोर कप्पीच्या चाकावरून उतरून फटीत अडकला होता. शीड ना वर जाईना, ना खाली येईना. वारा मात्र होता, आणि तो आम्हाला, त्या अख्ख्या लग्नासकट, सरळ काठाकडे घेऊन निघाला. काठावर सहलीला आलेली पोरं, तो मासेवाला आणि बकऱ्या चारणारी जवळच्या तांड्यावरची एक म्हातारी. मी सुकाणू उलटं फिरवलं, मग सुलटं. खाट जरा डुलली आणि काठाकडेच गेली.

"अबे, वरात आली!" पोरांतला एक ओरडला.

"साहेब, नवरदेव कुठं सांडला?" मासेवाला.

मी ट्यूबसकट खाली बसलो. मला वाटलं, पोरगी आता तोंड झाकेल. पुन्हा खोलीत जाईल ती कायमची.

खाट काठाला टेकली तोवर म्हातारी पाण्यापर्यंत आली होती. तिनं कपाळावर हात धरून फ्लेक्स पाहिला, मुलीला पाहिलं, पुन्हा फ्लेक्स पाहिला. "कोनाचं लगन व बाई? तुहं?"

"माह्यं होतं," मुलगी म्हणाली. आवाज स्वच्छ. "मोडलं."

मासेवाल्यानं जाळ्यात डोकं घातलं. इतके महिने चौकात मी जे झाकत होतो, ते तिनं एका दमात, अनोळखी माणसाला, काठावर सांगून टाकलं. आणि झालं काय? म्हातारी म्हणाली, "अस्सं." मग फ्लेक्सचं टोक चिमटीत धरून तिनं जाडी पाहिली. "मंग हे कायले ठेवता? आमच्या बकऱ्याच्या छपराले देता का?"

"घ्या," मुलगी म्हणाली. "छप्पर केवढं हाय?"

म्हातारीनं हात पसरून दाखवलं. तिच्याकडचा विळा घेऊन मुलीनं दोर कापला आणि फ्लेक्स काठावर पसरून छपराच्या मापानं चिरला. कुणाचा चेहरा कुठं येतो, ते तिनं पाहिलंच नाही. चीर गेली ती माझ्या फेट्यातून. त्या तांड्यावरून मी आताही जातो, कारण धरणाचा रस्ता तोच आहे. छपरावर माझे हात जोडलेले दिसतात. डोकं नाही.

गाडी लावली होती तिथवर परत जायला शीड नव्हतं. म्हणून आम्ही काठाकाठानं बांबू टेकत खाट ढकलत निघालो, ती पुढं, मी मागं. पोटात मी कितीतरी वाक्यं जुळवत होतो. शेवटी निघालं ते हे, "चुकलं माझं, बेटा. तू एवढ्या दिवसांनी बाहेर निघाली, अन् मी..."

तिनं बांबू थांबवला. "बाबा, मी बाहेर निघत नव्हती असं वाटते तुमाले?"

"मंग?"

"तुम्हीच तं म्हणले होते, गेटाबाहेर दिसू नको म्हणून. काही दिवस. मी वाट पाहून राह्यली होती, तुम्ही कधी म्हणता, जा म्हणून."

मी ते म्हणालो होतो हे मी विसरून गेलो होतो. खरंच विसरलो होतो, हीच तर त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. तिला बंद करून मी स्वतः वारा खात फिरत होतो, आणि घरी येऊन बायकोबरोबर तिच्याच काळजीनं जेवण टाकत होतो. बांबू हातातून सुटून वाहत गेला. तिनं वाकून तो पकडला आणि माझ्या हातात दिला. मी टेकत राहिलो. डोक्यावर डिस्टेंपर वाळून ताणत होता.

गाडीवर बसताना ती म्हणाली, "चौकातून घ्या."

"खड्डे..." मी सवयीनं सुरू केलं.

"बाबा."

मी चौकातून घेतली. चहाच्या टपरीशी तिनं खांद्यावर हात ठेवून थांबवलं. टपरीवाला माझा रोजचा. पिस्ता रंगाचं माझं डोकं पाहून तो आधी हसला, मग मुलीकडे पाहून अदबीनं म्हणाला, "ताई, झाली का परीक्षा?"

तोंडं आमच्याकडे वळली. मुलगी माझ्याकडे बघत होती, आणि मला कळलं की काठावर तिनं तिचं उत्तर दिलं होतं, हे उत्तर माझं होतं.

"परीक्षा नव्हतीच," मी म्हणालो. "म्या खोटं सांगतलं होतं. थो पोरगा मारत होता हिले. थे घर सोडून आली. अन् मीच हिले घरात बसोलं, तोंड दाखोयची लाज वाटे म्हणून. हिची नाही, माह्यी."

एवढं सगळं मी धरणावर बोलतात त्या आवाजात बोललो. पलीकडच्या मेडिकलमधला माणूस बाहेर आला.

मुलीनं माझी बाही ओढली. "बाबा, एवढं जोरानं नाही ना," ती हळूच म्हणाली. मग टपरीवाल्याला दोन चहा सांगितले आणि बाकड्यावर रस्त्याकडे तोंड करून बसली. येणाऱ्याजाणाऱ्यांना बघत होती. मी तिच्या शेजारी बसलो, भिंतीकडे तोंड करून.