पत्र्याच्या डब्यातली भाकरी

तिसगावच्या बाजारात शेळ्या विकायला बसते तेव्हा माझ्या पिशवीत भाकरी असतेच. दुपार कलली की गिऱ्हाइकाला भूक लागते, त्याला घाई सुटते. मी मात्र सावलीला बसून निवांत खाते आणि भाव सोडत नाही. व्यापारी म्हणतात, बाई जन्माचीच चिवट आहे. तसं नाही. मला थांबायला शिकवलेलं आहे.

आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की आमचं बिऱ्हाड कारखान्याच्या तळावर, उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत. ते अंधारातच फडात जात आणि धाकट्या भावाला मी सांभाळायची. ते कधी येतील, खायला काय असेल, काहीच ठरलेलं नसायचं. हाती येईल ते लगेच तोंडात घालायचं, एवढंच मला कळत होतं. पुढे शाळेसाठी वसतिगृहात आले तरी मी तशीच. ताटावरून भांडायची, कुणी डिवचलं की चावायची. रात्री पाठ केलेला पाढा सकाळी गेलेला असायचा. सगळं लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडे.

एके दिवशी माझ्या उशीतून मुंग्यांची रांग निघाली. गृहपालांनी सगळ्या मुलींसमोर खोळ झटकली. भाकरीचे वाळके तुकडे जमिनीवर पडले.

"चोर आहे, आणि डोक्यातही काही शिरत नाही. घरी पाठवा हिला. ऊसच तोडणार आहे."

घरी म्हणजे परत तळावर.

स्वयंपाकाच्या मावशी पिठाच्या हातानंच बाहेर आल्या. "सायेब, पोरगी पोटभर जेवती अन् तरी लपवती. ही चोरी न्हाई, भ्या हाय. म्हैनाभर माझ्यावर सोडा. न्हाई सुधारली तर मीबी जाते तिच्यासंगं."

"तुम्ही गेलात तर स्वयंपाक कोण करणार?"

"त्येच म्हंते मी."

मी पाहिलेला तो पहिला सौदा.

मावशींनी मला झाकणाचा पत्र्याचा डबा दिला. रोज संध्याकाळी त्यात एक भाकरी ठेवायच्या. "ही तुझी. कवाबी खा. खाल्ली तरी उद्या मिळंल, न्हाई खाल्ली तरी मिळंल." सुरुवातीला मी ती लगेच संपवायची. मग अर्धी उरू लागली. एका सकाळी डबा उघडला तर भाकरी तशीच. खायची विसरूनच गेले होते. पाढे डोक्यात टिकायला लागले ते त्याच सुमारास.

राग मात्र गेला नाही. परवा तेच गृहपाल काठी टेकत बाजारात आले. बोकड हवा होता. मला ओळखलं नाही.

"काही कमी करा, बाई."

ती झटकलेली खोळ डोळ्यांपुढे आली. एरवी माझा आवाज बाजारभर जातो. त्या दिवशी मी आधी पिशवीत हात घातला. त्यांना बसायला पोतं दिलं, अर्धी भाकरी पुढे केली. त्यांनी ती खाल्ली.

भाव मी एका रुपयानंही उतरवला नाही. मावशींनीही उतरवला नसता.