शेषरावांची पाठमोरी मोटार

धामणगाव बढ्यात शेषरावांची पिठाची चक्की होती. चक्कीच्या इंजिनाला कान लावून त्याचं दुखणं ओळखायचं, एवढी त्यांना यंत्राची ओढ. महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हा मलकापूरच्या एका बंद कापूस-जिनिंग कारखान्याच्या आवारात त्यांना इंग्रजांच्या अमदानीतली अमेरिकन मोटार दिसली. मागच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत बसलेली. मालक म्हणाला, "मोटार न्या, कोंबडी माही राहू द्या."

बैल जुंपून ओढत आणलेली ती मोटार पाहून त्यांची बायको पंचफुलाबाई दारातच म्हणाल्या, "हे काऊन आनलं?"

"जुनी चीज हाय. चालवून दाखवतो तुले."

मग रोज चक्की बंद झाली की शेषराव मोटारीखाली. चाकांचे लाकडी आरे सुताराकडून करून घेतले, गंज घासता घासता बोटं सोलली. टप मात्र पंचफुलाबाईंनीच ताडपत्री शिवून केला आणि मोटार त्यांचीही झाली.

इंजिन सुरू झालं, एवढ्यात पुतण्या निवृत्तीचं लग्न ठरलं. मुलगी घाटाच्या माथ्यावरच्या गावची. नवरदेव मोटारीतूनच जाईल, असा शेषरावांनी हट्ट धरला.

मोताळ्यापर्यंत मोटार ऐटीत गेली. घाटाच्या चढाला लागली, खोकली आणि बंद पडली. शेषरावांना कारण ठाऊक होतं. पेट्रोलची टाकी सीटखाली; मोटारीचं नाक वर झालं की इंजिन टाकीच्या वर जायचं आणि पेट्रोल तिथवर पोचायचंच नाही. त्यांनी मागच्या ट्रकमधलं वऱ्हाड उतरवलं, मोटार ढकलून फिरवून घेतली आणि उलट्या गिअरमध्ये टाकली. मोटार पाठमोरी घाट चढू लागली.

"काका, हे तं घराकडं तोंड करून राह्यली!" बाशिंग सावरत निवृत्ती ओरडला.

"चूप बस बे. तोंड घराकडं असलं तरी सासरीच चाललास."

माथ्यावर मुलीचे वडील हिंमतराव बँडवाले घेऊन उभे होते. वळणावर त्यांना नवरदेवाची पाठ दिसली आणि त्यांचा धीर सुटला. "अबे, नवरदेव वापस चालला! काय कमी पडलं आपलं?" बँड थांबला. मोटार मात्र मोठी मोठी दिसू लागली. पंचफुलाबाई मागे वळून हात हलवत ओरडत होत्या, "येऊन राह्यलो! येऊन राह्यलो!"

आरतीचं ताट घेतलेल्या बाया मोटारीच्या मागे जमल्या होत्या, त्या हसत हसत वळसा घालून पुढे आल्या. हिंमतराव तरातरा आले, "हे काय रीत झाली?" म्हणाले, आणि पुढचं बोलणं विसरून मोटारीवर हात फिरवत राहिले.

"उलटी काऊन चालते हो?"

शेषरावांनी निवृत्तीला उठवलं, सीट उचलली आणि टाकी दाखवली. दोघं व्याही तिथेच वाकले. भटजी मुहूर्त टळतो म्हणून हाका मारत होते, त्या दोघांनाही ऐकू आल्या नाहीत. शेवटी पंचफुलाबाईंनीच शेषरावांचा सदरा ओढला.

लग्न थाटात झालं. पुढच्याच आठवड्यात हिंमतराव चक्कीवर हजर. लेकीची खुशाली त्यांनी उभ्याउभ्याच विचारली. मग शेषरावांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मेहकरले एकाच्या गोठ्यात विलायती मोटार पडून हाय. पाहाले येता काय?"

शेषरावांनी चक्कीचा पट्टा उतरवला, अंगावरचं पीठ झटकलं आणि दोघंही बस धरायला निघाले.