कोपऱ्यातला ढाळ

कॉलेजसमोरच्या दुकानांच्या पार्किंगला नवं डांबर घातलं होतं. बसची वाट पाहताना मी ते बघत होतो. ज्या कोपऱ्यात एका मावशींनी दाताळ्याने डांबर सारखं करून पाणी वाहून जायला ढाळ दिला होता, तो मुकादमाला पटेना.

"मावशी, इथं खोलगट वाटतंय. पाणी साचलं तर सगळा कोपरा उकरायचा."

"नुसतं बघून काय कळतं? ओत की पाणी."

निवलेल्या डांबरावर त्याने बादली रिकामी केली. पाणी पसरलं आणि मध्येच थबकलं.

"चल गं बाई, लाजू नको," मावशी पाण्याला म्हणाल्या.

जरा वेळाने एक बारीक धार सुटली आणि गटाराच्या जाळीकडे निघाली.

"निघाली सासरी," मुकादम हसला.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. उत्तर येत असूनही वर्गात असाच थबकतो आणि वाटतं, आपलं इथेच अडकलं. पण माझ्याही पायाखाली कुणीतरी वाकून, घाम गाळून ढाळ दिलाच असेल. घरी गेल्यावर आईकडे जरा नीट बघायला हवं.

मावशी तोवर पालथ्या बादलीवर बसल्या होत्या.

"आता चहा सांग," त्या मुकादमाला म्हणाल्या, "आणि तो मात्र सांडू नको."