देवीसमोर फिटलेली चिठ्ठी

पोलादपूरच्या वर डोंगरातल्या वाडीत माझं माहेर. तिथे देणं फिटलं की कोणी कागद परत मागत नाही. ग्रामदेवीच्या देवळात पाटावर नारळ ठेवतात, पैसे घेणारा त्याला हात लावून ‘फिटलं’ म्हणतो, मग नारळ फोडून सगळ्यांना खोबरं वाटतात. त्यानंतर कागदाची आठवण काढणं म्हणजे देवीवर अविश्वास. असे नारळ वर्षानुवर्षं बाबांच्याच हातून फुटत आले, कारण वाडीत त्यांच्या शब्दाला मान.

बाबांनी वाडीतल्याच एकाची भाताची जुनी गिरण विकत घेतली होती. थोडे पैसे रोख दिले आणि बाकीच्या रकमेची शिमग्याच्या मुदतीची प्रॉमिसरी नोट, म्हणजे पैसे देण्याच्या वचनाची चिठ्ठी, सही करून लिहून दिली. दिवाळीत दादा मुंबईहून बोनस घेऊन आला, तेव्हा बाबांनी मुदतीची वाट न बघता सगळी रक्कम देवीसमोर मोजली. विकणाऱ्याने नारळाला हात लावला. "फिटलं. चिठ्ठी घरी हाय, फाडून टाकतो." मी भाऊबीजेला आले होते, खोबरं मीही खाल्लं.

शिमगा झाला आणि महाडहून एक बाई तीच चिठ्ठी घेऊन दारात आल्या. शिवणकाम करणाऱ्या, एकट्या. पुरात मशिनी गेल्या, त्यातून पुन्हा उभं राहून चार पैसे गाठीला बांधलेले. दिवाळीनंतर गिरण विकणाऱ्या त्या माणसाने चिठ्ठीच्या पाठीवर ‘ही रक्कम आता यांना द्यावी’ असं लिहून, सही करून ती त्यांना विकली होती, पूर्ण पैसे घेतले होते आणि गाव सोडलं होतं. फोन बंद. बाबा आधी हसले. "फेडलंय मी, बाय. देवीला इचार." बाईंचा चेहरा पांढरा पडला, तेव्हा बाबांचं हसू थांबलं.

मी महाडलाच राहते, म्हणून बाबांना आणि दादाला तिथल्या एका वकिलांकडे घेऊन गेले. त्यांनी शांतपणे समजावलं. बाईंनी मुदतीच्या आत, पुरेपूर पैसे मोजून, काही ठाऊक नसताना चिठ्ठी घेतली. तुम्ही पैसे दिलेत हे खरं, पण ते भांडण तुमचं आणि त्या माणसाचं. बाईंपुढे ते चालणार नाही.

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी," मी तावातावाने म्हणाले.

"चोर पळाला. आता दोन संन्यासी उरलेत," ते म्हणाले. "त्यातल्या एकाला कायदा सांभाळतो. सहीच खोटी असती तर गोष्ट वेगळी. ती तक्रार कोणापुढेही टिकते."

जिना उतरताना दादाने तेच धरलं. "बाबा, सिंपल हाय. सही माजी नाय म्हनायचं. आपन खोटं कुटं बोलतोय? पैसे तर दिलेच ना."

मला दादाचा राग आला नाही. त्याची वर्षाची कमाई त्या पाटावर मोजली गेली होती. राग होता तो त्या नारळाचा.

एसटी स्टँडवर पोचल्यावर बाबा म्हणाले, "सही माजीच हाय. नाय म्हनलो तर ती बाय खोटी पडंल. तिनं काय केलं?"

गिरण विकली. तुडील गावचा एकजण टेम्पोत घालून घेऊन गेला. अंगणात सांडलेल्या कोंड्यात आई बराच वेळ झाडू मारत राहिली. दादा आलाच नाही.

ठरल्या दिवशी त्या बाई आल्या. वाडीची रीत त्यांनी कुठून तरी ऐकली असावी, कारण पिशवीत नारळ होता. "काका, देवळात जाऊया का? तुमच्या मनाला बरं वाटेल."

खरंच चांगली बाई. नोटांची गड्डी बाबांच्या मांडीवर होती. गड्डीवरचा हात त्यांनी उचलला नाही.

"नारळ ऱ्हाऊ दे, बाय," ते म्हणाले. "आदी कागद दे."