डबीवरची धूळ

ते कधी एकदम घरात शिरत नसत. चपला बाहेर काढायच्या, उंबऱ्याशी उभं राहायचं, खांद्यावरच्या रुमालानं तोंड पुसायचं आणि नजर सावकाश घरभर फिरवायची. मग एकच प्रश्न, "काल नव्हतं आन् आज हाय, असं काय हाय?"

मुरुम गावात ते आमच्या समोरच्याच घरात राहायचे. मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, वजनकाटे दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. सगळं गाव त्यांना काटेवाले चाचा म्हणायचं. त्यांच्या स्वतःच्या घरात राऊटर नव्हता. तरी गल्लीत कुणाचं वायफाय बंद पडलं की हाक त्यांनाच जायची. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. नसेल, तर तुम्ही सुखी आहात.

मी पाटबंधारे खात्यात आहे. तलावाची पाणीपातळी रोज मोजून लिहायची, हे माझं काम. मुलगी पुण्याच्या एका कंपनीचं काम आमच्या मागच्या खोलीत बसून करू लागली, तेव्हा मी घरीही एक वही सुरू केली. तारीख, वेळ, नेट किती मिनिटं बंद, कारण. तिच्या साहेबांनी बजावलं होतं, नेट टिकलं तर घरून काम कर, नाहीतर पुण्याला ये. आम्हाला ती एकुलती एक. वही मी किती मन लावून लिहीत असेन, ते तुम्हाला कळेल.

ज्वारीची रास झाली आणि त्याच आठवड्यात मागच्या खोलीत नेट अडकू लागलं. मी आठ दिवस, रोज तीन वेळा स्पीड मोजला. राऊटरजवळ चाळीस, स्वयंपाकघरात तीस, मागच्या खोलीत दोन. नेटवाल्यांना फोन केला. "बंद करून चालू करा," म्हणाले. अकरा वेळा केलं. अडॅप्टर बदलला. राऊटरचे अँटेने चारी दिशांना फिरवून पाहिले. नवव्या दिवशी मुलगी मीटिंगमधून तिसऱ्यांदा बाहेर पडली, आणि मला न विचारता तिनं खिडकीतून हाक मारली, "चाचा, जरा येता का?"

ते आले. उंबऱ्याशी थांबले. प्रश्न विचारला.

"नवीन काही नाही," मी म्हणालो. "सगळं तपासलंय. वही दाखवू?"

"वही ऱ्हाऊ द्या, साहेब. ही कोठी कवा आणली आत?"

पत्र्याची कोठी. उंदरांच्या भीतीनं मीच ती ओसरीवरून बैठकीत आणली होती आणि सहा पोती ज्वारी तिच्यात ओतली होती. राऊटर आणि मागची खोली यांच्या बरोबर मधे ती छातीएवढी उभी होती. तिला वळसा घालून मी आठ दिवस स्पीड मोजत हिंडलो होतो.

"पत्रा हाय, आत गच्च दाणा. त्यातनं पलीकडं काय जाणार?" ते म्हणाले. "काट्याचं बी असंच. लोक म्हनत्यात काटा खोटा. काटा खोटा नसतो, पारड्याखाली काय तरी अडकलेलं असतंय."

भरलेली कोठी हलणार नव्हती. राऊटर दारावरच्या फळीवर चढला. मागच्या खोलीत तेहतीस.

"पप्पा आठ दिवस नुसते मोजत होते, चाचा!" मुलगी हसत म्हणाली.

"मोजणारा बी लागतो की, बेटा."

हे ते चांगल्या मनानं म्हणाले. मला तेच जास्त लागलं.

पुढं काय झालं ते मी आकड्यांतच सांगतो. चार महिन्यांत तिनं त्यांना नऊ वेळा बोलावलं. मला दोनदा, त्यातलं एकदा चाचा कुठं गेलेत ते विचारायला. त्यांच्या चहात आलं पडायचं, माझ्या चहात पडत नसे. तिला बढती मिळाली तेव्हा मी आंघोळीला गेलो होतो, हे खरं. पण मी बाहेर येईपर्यंत समोरच्या ओट्यावर पेढा पोचला होता.

शेवटी एका रविवारी मी ते केलं. रविवार एवढ्यासाठी, की तिला सुट्टी असते. तेवढा विचार मी केला होता. बाहेरून येणारी नेटची पिवळी तार भिंतीवरच्या एका छोट्या डबीत जोडलेली असते. मी डबीचं झाकण उघडलं, आतली तार थोडी सैल केली आणि झाकण लावून टाकलं. राऊटरवर लाल दिवा लागला. आता चाचा येतील, कोठ्या आणि कपाटं शोधतील, हरतील. मग मी उठेन.

ते आले. उंबऱ्याशी थांबले. नजर नेहमीसारखी फिरली. फळी, कपाट, कोठी. डबीवर येऊन ती थांबली. मीही तिकडं पाहिलं. झाकणावर वर्षभराची धूळ होती आणि त्या धुळीत चार बोटांचे ताजे ठसे होते.

मग त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं. मी हात धुतले नव्हते.

त्या दिवशी त्यांनी प्रश्न विचारलाच नाही. आत आले, डबीजवळ गेले, कान लावल्यासारखं केलं आणि खांद्यावरचा रुमाल काढून झाकण पुसलं. अगदी कडेपर्यंत, सावकाश, तराजूचं पारडं पुसावं तसं.

"आज मला काय घावंना, बेटा," ते मुलीला म्हणाले. "डोळे बी आता साथ देत न्हाईत. तुज्या पप्पांना बगू दे."

"चहा तरी घ्या, चाचा."

"आज नको. आज साहेबांना दे."

ते गेल्यावर मी तार घट्ट केली. हिरवा दिवा लागला.

"पप्पा! चाचांना नाही जमलं, ते तुम्हाला जमलं!" ती म्हणाली. तिनं माझ्यासाठी आलं घालून चहा केला. तो मी प्यालो. वहीत तारीख लिहिली, वेळ लिहिली, तेवीस मिनिटं लिहिली. कारणाचा रकाना मोकळा सोडला.

पुढं त्यांनी त्या रविवारचा विषय कधी काढला नाही. भेटले की विचारायचे, "काय साहेब, पाणी किती तलावात?" मी सांगायचो. एवढंच बोलणं. ओट्यावर जाऊन बसावं आणि एकदा सांगून टाकावं, असं बऱ्याचदा ठरवलं. पण मधे रस्ता होता, आणि रस्त्यावर नेहमी कुणीतरी असायचं.

या थंडीत ते गेले. मुलगी दोन दिवस धड जेवली नाही. खरं सांगतो, तिचे सुजलेले डोळे पाहून मला पुन्हा तेच वाटलं. माझ्यासाठी ही एवढी रडेल का?

परवा नेट पुन्हा बंद पडलं. मी उठेपर्यंत ती बैठकीच्या दारात, उंबऱ्याशी येऊन उभी राहिली होती. आत न येता घरभर नजर फिरवत होती. तसंच, सावकाश. मग राऊटरशेजारची माझी वही तिनं उचलली. ही वही तिनं आजवर कधी उघडलेली मला आठवत नाही.

"पप्पा, सगळीकडं कारण लिहिलंय तुम्ही. या एकाच रविवारी का नाही?"

मी तिच्या हातातून वही घेतली. रकाना अरुंद आहे. अक्षर बारीक काढलं, तरी शेवटचे शब्द खालच्या ओळीत गेले. 'तार मी स्वतः सैल केली होती. चाचांना कळलं होतं. त्यांनी डबी पुसली.'

वही तिच्याकडं परत दिली. ती वाचत होती तोवर मी उंबऱ्याबाहेर, ते चपला काढायचे तिथं, उभा राहिलो.