मशीन टोकन घेईना

भूत, करणी, अंगात येणं... यातलं काहीही मी मानत नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून तुमच्यातले काही जण मला कुण्या महाराजांचा पत्ता पाठवतील. कृपया पाठवू नका. पालीच्या आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या आहेत. वडील, म्हणजे आमचे अण्णा, प्राथमिक शाळेत मास्तर होते. लहानपणी कुणी सांगितलं की अमक्या चिंचेखाली हडळ आहे, की अण्णा आम्हा बहीणभावाला त्याच चिंचेखाली अभ्यासाला बसवायचे. हडळ कधी आली नाही, मुंगळे मात्र भरपूर चावले.

त्यात माझं काम इलेक्ट्रॉनिक्सचं. आमच्याकडं गावोगावी पाण्याचे एटीएम बसलेत, त्यांची दुरुस्ती मी करतो. फिल्टर प्लांटच्या खोलीला बाहेरून एक मशीन असतं. फटीत टोकन टाकायचं, नळाखाली जार धरायचा, पाणी येतं. आधी ही मशीन साध्या नाण्यांवर चालायची, पण आमची माणसं कुणाला ऐकतात होय... बोल्टचे वायसर, पत्र्याच्या चकत्या, चकलांब्याकडच्या एका आजोबांनी तर नातवाच्या खेळण्यातलं चाक घालून पाणी काढलं होतं. म्हणून मग छिद्रांची टोकनं आली आणि मशीनच्या आत 'डोळा' बसला.

डोळा म्हणजे ऑप्टिकल सेन्सर. फटीच्या एका बाजूला बारका इन्फ्रारेड दिवा, समोर त्याचा उजेड टिपणारा सेन्सर. टोकन मधून घरंगळताना उजेड कुठं आरपार गेला आणि कुठं अडला, हे तो बघतो. छिद्रांचा नमुना जुळला तर पाण्याचा व्हॉल्व्ह उघडतो, नाही जुळला तर टोकन खालच्या वाटीत परत पडतं. बस, एवढंच. डोळा टोकन बघतो. पाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

माझी ताई केज तालुक्यात दिलेली आहे, युसूफ वडगावच्या पलीकडं. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिथं दर बुद्धपौर्णिमेला विहारापुढं खीरदान असतं. सगळी वस्ती जेवते, त्यात निम्मी बारकी पोरंच. त्या वर्षी महिला मंडळानं खिरीची जबाबदारी पहिल्यांदा ताईवर दिली होती. आदल्या वर्षी हातपंपाच्या खाऱ्या पाण्यामुळं पातेलंभर दूध फाटलं होतं, आणि ज्या बाईच्या हातून ते झालं तिला अजून टोमणे बसत होते. म्हणून ताईनं ठरवलं होतं की खीर प्लांटच्याच पाण्यात करायची.

पौर्णिमेच्या सकाळी तिचा फोन. "शिद्धू, मशीन काल सांजच्यापासून टोकन घेईना. एक थेंब न्हाई दिला कुणाला. तू ये बरं आधी, चहा हितंच पी."

गेलो. प्लांटपुढं बायकांची रांग, जार, कळशा, दोन मोठी पातेली. सगळ्यांची तोंडं माझ्याकडं, जणू मशीन मीच बंद पाडलं होतं. प्लांट सांभाळणारे बप्पा कपाळाला ताजा गंध लावून दारात उभे होते. साठी उलटलेला माणूस, गावातले जुने शेतकरी, स्वभावानं लाख. आदल्या दिवशी प्लांटला नवी मोटार बसली होती, म्हणून त्यांनी संध्याकाळी पूजा केली होती. मी मशीनकडं बघितलं आणि हसूच आलं. टोकनच्या फटीत हळदीकुंकू कोंबलेलं होतं.

"बप्पा, मशीनच्या कपाळाला लावा की. डोळ्यात कावून घालता?"

"आता त्याचं कपाळ कंचं अन् डोळा कंचा, आमाला काय म्हाईत, पावनं?"

रांगेतल्या बायका हसल्या. मीही हसलो, कारण ही तक्रार मला नवी नाही. दसऱ्यानंतर आठवडाभर मी हेच काम करत हिंडतो. डोळा बाहेर काढला, स्पिरिटच्या बोळ्यानं लख्ख पुसला, परत बसवला. ताईला म्हणालो, टाक टोकन.

टण्. वाटीत परत.

पुन्हा टाकलं, पुन्हा परत. मग शेजारणीचं टोकन, मग माझ्या बॅगेतलं टेस्टिंगचं. एकही घेतलं नाही. मीटर लावलं तर व्होल्टेज बरोबर, दिवा चालू, सेन्सरही सिग्नल देतोय. ऊन फटीत शिरलं तरी डोळा फसतो, म्हणून ताईच्या पदराची सावली धरली. काही उपयोग नाही. शेवटी डोळा काढून नेला, ताईच्या ओट्यावर बॅटरीला जोडला आणि तपासणीच्या बोर्डावर तीच टोकनं टाकली. सगळी बिनबोभाट पास. परत येऊन मशीनला जोडला... टण्.

माझ्याकडं कोरा करकरीत दुसरा डोळा होता, तो बसवला. त्यानंही तेच केलं. मग बोर्ड खराब म्हणावा, तर बोर्डावरचं टेस्टचं बटण दाबलं की व्हॉल्व्ह क्षणभर खटकन वाजत होता. थोडक्यात, सगळं ठीक होतं आणि काहीच चालत नव्हतं. इतक्या वर्षांत असं कधी बघितलं नव्हतं. जुना डोळा परत लावला, मशीनचं दार लावलं आणि घाम पुसत बसलो.

ऊन चढत होतं. बायका कुरकुरायला लागल्या. ताईचा पारा तर केव्हाच चढलेला. "दूध आलंय, तांदूळ धुवून ठेवलेत, पोरं आत्तापासून ताटल्या घिऊन बसलीत. अन् तू त्याला नुसता गोंजारत बसलाय. मला तोंड दाखवाया जागा ठिवणार हायस का न्हाई?"

दाजी, म्हणजे ताईचे मालक, तिथंच गाडीवर बसले होते. ते म्हणाले, "डायरेक्ट कर ना बे. दोन वायरी जोडायच्या, मिटला इषय."

डायरेक्ट करणं म्हणजे डोळ्याला बगल देऊन व्हॉल्व्ह सरळ करंटवर घेणं. टोकन लागत नाही, पाणी चालू. कंपनीला कळलं तर बोलणी बसतात, पण अडचणीला आम्ही सगळेच करतो. मी पक्कड काढली, बॅगेतला वायरीचा तुकडा सोलला. आता खरं सांगतो, त्या क्षणाला माझ्या मनात दुसरा विचारच नव्हता. ताईचं काम होऊ दे आणि मी सुटू दे, एवढंच.

फक्त एक सवय आहे. डायरेक्ट केलेलं मशीन आपोआप थांबत नाही, टाकी रिकामी असली तर सगळाच घोटाळा होतो. म्हणून वायर जोडण्याआधी खोलीच्या छतावर चढून टाकी बघायची. चढलो. झाकण उचललं. टाकी काठोकाठ, पाणी नितळ, तळ दिसत होता. कसलाही वास नाही. उन्हानं तोंड भाजत होतं म्हणून ओंजळभर पाणी तोंडावर मारावं म्हटलं आणि हात बुडवला.

पाणी बुळबुळीत लागलं.

बोटं एकमेकांवर घासली तर साबणाच्या पाण्यात घातल्यासारखी सटकत होती. थोड्या वेळात बोटांच्या बेचक्यात चुणचुणायला लागलं. या धंद्यातल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. ते कॉस्टिक होतं. फिल्टरच्या नळ्यांत साचलेली घाण काढायला आम्ही वापरतो ते. त्यानं तोंड, घसा, पोट... आतून भाजतं माणूस.

मी वरूनच ओरडलो, "कुणी पाणी घेतलंय का? काल पूजेनंतर कुणी, एक तांब्या तरी?"

खाली बायका एकमेकींना विचारायला लागल्या. मी उतरलो. हात बादलीतल्या दुसऱ्या पाण्यानं धुतला आणि बप्पांना विचारलं, नळ्या कधी धुतल्या?

"कालच की," बप्पा म्हणाले. "पूजा करायची तर आधी धुयाला नको? उष्ट्या भांड्याची पूजा करतेत का कुठं? चांगला डबाभर टाकला मसाला, आतून सोच्छ निघावं म्हून..." आणि बोलता बोलता ते थांबले. त्यांचा चेहरा पडत गेला तो मी बघितला. नळ्या धुतल्या की ते पाणी नालीत सोडायचं असतं, त्यासाठी एक कॉक फिरवावा लागतो. बप्पा तो फिरवायला निघाले, तेवढ्यात बाहेरून हाक आली की नारळ फोडायची येळ झाली, चला. बप्पा हात धुऊन पूजेला आले. कॉक टाकीकडंच राहिला. ते सगळं पाणी पिण्याच्या टाकीत गेलं.

"मी त्वांड कसं दाखवू आता," असं म्हणून बप्पा भिंतीला टेकून खालीच बसले.

रांगेतल्या प्रत्येकीला विचारलं. दाजी घरोघर फिरून आले. पूजा झाली तेव्हापासून एकाही घरात प्लांटचं पाणी गेलं नव्हतं. बप्पा स्वतः घरच्या माठातलं पितात. कुणालाच काही झालं नव्हतं. ताई पायरीवर बसली, मोकळं पातेलं मांडीवर. म्हणाली, "सकाळधरून त्याला शिव्या देऊ लागलेय मी." आणि पदर तोंडाला लावून रडली. मी तिच्या शेजारी बसलो. माझेही डोळे भरले होते. पण दुःखानं नाही. इतकं हलकं मला बारावी पास झालो तेव्हाही वाटलं नव्हतं.

बप्पा मग उठले, ट्रॅक्टरला टाकी जोडली आणि स्वतःच्या शेतातल्या बोअरचं गोडं पाणी घेऊन आले. खीर त्यात झाली. दूध फाटलं नाही. इकडं दाजींनी आणि मी प्लांटची टाकी उपसली, नळ्या पुन्हा पुन्हा धुतल्या, कागदाच्या पट्टीनं पाणी तपासलं, ते बरोबर आल्यावरच टाकी भरत ठेवली. या सगळ्यात मी डोळ्याला हात लावला नाही. बोर्डाला नाही, वायरीला नाही. मशीनचं दार सकाळी लावलं ते तसंच होतं.

दुपार कलली. ऊन आता सरळ मशीनच्या तोंडावर, म्हणजे डोळा फसायचाच असेल तर तेव्हा फसायला पाहिजे. ताई आली, सकाळपासून परत पडत असलेलं तेच टोकन कमरेच्या पिशवीतून काढलं आणि फटीत टाकलं.

आत खटका वाजला. नळाला पाणी आलं. वाटी रिकामी.

अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. मग शेजारणीचं, मग माझं टेस्टिंगचं... सगळी घेतली. आजतागायत त्या मशीनची तशी तक्रार नाही.

आता तुम्ही जे म्हणाल ते मी आधीच म्हणून बघितलंय. रात्रभर टोकन घेतलं नाही त्याचं कारण कुंकू, ते मला मान्य. पण पुसल्यावर काय? लूज कनेक्शन म्हणावं, तर कनेक्शन न हलवता ते नीट कसं झालं? व्होल्टेज मी मोजलं होतं. दोन वेगवेगळे डोळे एकाच सकाळी, एकाच मशीनवर एकदम आंधळे होतात आणि ओट्यावर आणलं की त्यातल्या एकाला लख्ख दिसतं, हे कसं? तो डोळा नंतर मी बदलून पालीला आणला. टेबलावर कसाही छळला तरी बरोबर चालतो.

गावात ज्याचं त्याचं उत्तर तयार आहे. बप्पा म्हणतात, पूजा पावली. मी म्हणालो, बप्पा, पूजेच्या घाईतच तर कॉक राहिला. तर म्हणाले, "म्हून तर त्यानंच निस्तारलं." वस्तीतल्या आज्या म्हणतात, पौर्णिमेचा दिवस होता, भगवंतांची करुणा. दाजी म्हणतात नशीब.

मी अण्णांना सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील. त्यांनी शांतपणे ऐकलं, मध्ये दोन-तीन प्रश्न विचारले, तेही वायरिंगचे. मग म्हणाले, "कारण असंल. तुला सापडलं न्हाई."

"पण अण्णा, मी सगळं तपासलं."

"मग न्हाई म्हाईत म्हण. न्हाई म्हाईत म्हणायला कुठं बंदी हाय? आपल्याला मनाई हाय ती खोटं कारण चिकटवायची."

तर मंडळी, मला नाही माहीत. कुणाला इलेक्ट्रॉनिक्समधलं कळत असेल तर जरूर सांगा, मी त्या सेन्सरचं सर्किट काढून पाठवतो. पटेल असं उत्तर मिळालं तर मला आनंदच होईल. नाही मिळालं तरी चालेल.

त्या संध्याकाळी विहारापुढं पोरांच्या पंगती बसल्या होत्या. आणखी खीर पाहिजे म्हणून पोरं ताटल्या बडवत होती, एकमेकांच्या ताटात हात घालत होती, कालवा असा की माईकवरचं भाषण ऐकू येईना. दाजी त्यांना दटावायला उठले. मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "राहू द्या दाजी. ओरडू द्या त्यांना."