जळक्या ऑइलचा डबा

विजेवर चालणाऱ्या गाडीला इंजिनाचा आवाज नसतो, म्हणून पुढच्या चाकांतली खडखड मला लगेच ऐकू आली. मुरुडच्या गॅरेजवाल्याने गाडी वर उचलून दाखवलं. पुढच्या दोन चाकांना जोडणारा, वळणावर गाडी कलू न देणारा स्टॅबिलायझर बार खाऱ्या हवेने खाऊन टाकला होता.

"खालून ऑइल न्हाय मारत काय?" त्याने विचारलं.

माझे बाबा मासळीचा टेम्पो चालवायचे. दर पावसाळ्याआधी ते टेम्पोखाली सरपटत जायचे आणि इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल फडक्याने सगळ्या लोखंडाला चोळायचे. "रबराला लावायचं नाय, फुगतं," हे मला दरवेळी बजावायचे. जेवतानाही त्यांच्या हातांना तोच वास यायचा आणि मी ताट उचलून लांब जाऊन बसायचो. मूर्ख कुठला!

माझ्या गाडीत इंजिनच नाही, तर जळकं ऑइल येणार कुठून? पण बाबांनी भरून ठेवलेला शेवटचा डबा ते गेल्यापासून पडवीत तसाच होता. नवा बार बसवायच्या दिवशी तो घेऊन गेलो. गॅरेजात झाकण उघडलं आणि बाबा शेजारी जेवायला बसल्यासारखं वाटलं.

गॅरेजवाल्याने फडकं बुडवायला हात पुढे केला.

"तुमच्याकडचंच मारा," मी म्हणालो आणि झाकण घट्ट लावलं. बार काय, गंजला तर पुन्हा मिळेल.